मोटर यॉटचा शोध, नोंद चौथी: सगळं अडलं ते उंचीवर

मागच्या नोंदीत यादीत अकरा बोटी होत्या. आता एकच उरली आहे आणि गेल्या आठवड्यात तिच्या बुडाची तपासणीही झाली. मधल्या चार महिन्यांत बोटी कशावरून गळत गेल्या आणि ही एक का टिकली, ते सविस्तर लिहिते. कालव्यांतूनही हिंडायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं समुद्रातूनही जायचं, असा ज्यांचा बेत आहे त्यांना यातलं बरंच उपयोगी पडेल.

आमचा बेत बदललेला नाही. दादा आणि मी, दोघंच. भूमध्य समुद्राकडून कनाल द्यू मिदी या दक्षिण फ्रान्समधल्या कालव्यात शिरायचं, २४० किलोमीटर कापून तूलूझ गाठायचं, पुढे गारोन कालव्यानं अटलांटिकच्या बाजूला उतरायचं. तिथून बिस्केच्या उपसागराच्या काठानं बंदरं घेत घेत उत्तरेला, आणि पुन्हा फ्रान्सच्या पोटातल्या कालव्यांत. त्यानंतरच्या मोसमात ऱ्हाईन-माइन-डॅन्यूब कालव्यानं पूर्वेकडे. हा कालवा १९९२ मध्ये पूर्ण झाला. लांबी १७१ किलोमीटर, आणि लॉकच्या, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या दारांच्या कोठ्यांच्या, पायऱ्या चढत चढत तो समुद्रसपाटीपासून ४०६ मीटर उंची गाठतो. समुद्रात चालणाऱ्या बोटीनं डोंगर ओलांडायचा, या कल्पनेनं मला आजही अंगावर काटा येतो.

सुरुवातीला आम्ही लांबी, केबिनी आणि वेग बघत बसलो होतो. तिथेच दोन महिने गेले. आधी वाटेतली सगळ्यात अरुंद, सगळ्यात उथळ आणि सगळ्यात बुटकी जागा कागदावर मांडायला हवी होती. फ्रान्समधल्या बहुतेक जुन्या कालव्यांचं माप १८७९ च्या कायद्यानं ठरलं, शार्ल द फ्रेसिने मंत्री असताना. त्या मापाचं लॉक ३९ मीटर लांब आणि ५.२ मीटर रुंद असतं. बारा मीटरच्या बोटीला ते ऐसपैस आहे. खोली १.८ मीटर धरलेली असते, तिथेही अडत नाही. पुलाखालची उंची मात्र साडेतीन मीटर.

कनाल द्यू मिदी याहून कठीण. पियेर-पॉल रिके यांनी हाती घेतलेला हा कालवा १६८१ चा, आणि त्यावरचे जुने पूल दगडी कमानीचे. मध्यावर साधारण ३.३ मीटर मिळतात, पण कमान काठांकडे उतरत जाते. म्हणजे छताचा मध्य पार होईल, पण व्हीलहाउसचे, म्हणजे सुकाणूच्या केबिनचे, कोपरे दगडाला घासतील. उंचीचा एकच आकडा इथे कामाचा नाही. उंची आणि त्या उंचीवरची रुंदी, दोन्ही लागतात.

दादानं यावर जे केलं ते मला फार आवडलं. त्यानं आलेख कागदावर कमान काढली आणि प्रत्येक बोटीचा समोरून दिसणारा आकार पुठ्ठ्यात कापून त्याखालून सरकवला. अकरापैकी पाच बोटी त्या संध्याकाळी टेबलावरच बाद झाल्या. त्यातली एक माझी फार आवडती होती. वर मोकळा फ्लायब्रिज, म्हणजे छतावरून बोट चालवायची जागा, तिथून चहूबाजूंना दिसणारं पाणी. मी म्हटलं, "दादा, वरची काच आणि खुर्च्या काढल्या तर?" तो म्हणाला, "काढ की. पण खालचे खांदेच अडकतायत, ते कुठे काढशील?" पुठ्ठा खरंच दोन्ही कोपऱ्यांवर अडकला होता. फ्लायब्रिजचा विचार तिथे सुटला.

उरलेल्या सहांपैकी एकीच्या जाहिरातीत उंची ३.२५ मीटर होती. आम्ही स्वतः मोजली. छतावरच्या सगळ्यात उंच वस्तूवर सरळ फळी आडवी ठेवली, पाणसळीनं सपाट केली, तिचं टोक बोटीच्या कडेबाहेर काढलं आणि तिथून टेपला ओळंबा बांधून पाण्यावर टेकवला. ३.४८ मीटर! विकणाऱ्यानं हॉर्न आणि सर्चलाइट धरलेच नव्हते, शिवाय मापं घेतली होती टाक्या काठोकाठ भरलेल्या असताना. तेवीस सेंटिमीटरांचा फरक म्हणजे छत फुटण्याइतका फरक. तेव्हापासून कुणाचाही आकडा आम्ही तसाच घेत नाही.

टाक्यांचा हिशेब मांडून ठेवण्यासारखा आहे. आमच्या मापाच्या बोटीचा पाण्याच्या पातळीवरचा आडवा छेद साधारण ३२ चौरस मीटर येतो. म्हणजे ती गोड्या पाण्यात एक सेंटिमीटर खाली बसायला ३२० किलो वजन लागतं. ९०० लिटर डिझेल आणि ७०० लिटर पाणी संपलं की जवळजवळ दीड टन वजन उतरतं, आणि बोट साडेचार सेंटिमीटर वर येते. बुटक्या पुलाआधी पाण्याची टाकी भरून घ्यायची ती यासाठी. आणखी एक मजेची गोष्ट: समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं, त्यामुळे पंधरा टनांची हीच बोट समुद्रातून कालव्यात शिरली की आपोआप एक सेंटिमीटरभर खाली बसते. दगडी कमानीखाली तो एक सेंटिमीटरही आपलाच.

आता समुद्राची बाजू. बुटकी, सपाट, बुडाला जेमतेम पाणी लागणारी बोट कालव्यात सुखाची, पण किनाऱ्यावर आडव्या लाटा लागल्या की तिचे हाल बघवत नाहीत. युरोपच्या नियमांत बोटींचे चार वर्ग आहेत. सी वर्ग हा वाऱ्याच्या ब्यूफोर्ट मोजपट्टीवर ६ चा वारा आणि दोन मीटर लाटांपर्यंत. बी वर्ग ब्यूफोर्ट ८ आणि चार मीटरपर्यंत. किनाऱ्यालगत सी वर्ग चालतो असं पुष्कळ जण सांगतात, आणि हवामान बघून थांबायची तयारी असेल तर ते बरोबरही आहे. पण बिस्केच्या काठावर सुरक्षित बंदराचं तोंडच लाटांनी बंद झालं तर बाहेर थांबावं लागतं. म्हणून आम्ही बी वर्ग धरला. जुनी बोट बघणाऱ्यांनी लक्षात ठेवा, हा नियम जून १९९८ पासून सक्तीचा झाला. त्याआधीच्या बोटीवर वर्गाची पाटी नसणं साहजिक आहे. तिथे दारांची उंची, काचांची जाडी आणि इंजिनाचा हवा घेण्याचा मार्ग पाण्यापासून किती वर आहे, हे आपल्यालाच बघावं लागतं.

समुद्रातल्या चाचणीला वारा १८ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) होता, लाटा मीटरभर. पहिली बोट लाटांना आडवी धरली तेव्हा ती संथ डोलली, आणि मला ते आरामाचं वाटलं. दादानं घड्याळ लावून दहा डोल मोजले: ५७ सेकंद. दुसरीचे, म्हणजे आता उरलेल्या बोटीचे, ४१ सेकंद. ही झटकन सरळ होते, अंगाला हिसका बसतो, भांडी वाजतात. पण त्याच मापाच्या बोटीत संथ डोल वरच्या वजनामुळे येत असेल तर तिच्यात परत उभं राहण्याची ताकद कमी असते. मी हिसका पत्करला. शिवाय हिच्या बुडाच्या दोन्ही कुशींना लांब पोलादी पट्ट्या, म्हणजे बिल्ज कील, आहेत. त्या डोल थोडा मारतात, आणि त्यांत बिघडण्यासारखं काही नाही. डोल कमी करायचे दुसरे उपायही असतात. बुडाबाहेर आलेले पंखासारखे फिन कालव्याच्या दगडी काठाला लागायची भीती असते. जायरो, म्हणजे वेगानं फिरणारं जड चाक, आतल्या आत बसतो, पण त्याला वीज लागते आणि पूर्ण वेगात यायला वेळही.

इंजिन एक की दोन, यावर आम्ही सगळ्यात जास्त बोललो. दोन इंजिनांचा मोठा फायदा उघड आहे, समुद्रात एक बंद पडलं तरी घरी येता येतं. पण त्यांचे बोट ढकलणारे पंखे बुडाच्या दोन बाजूंना उघडे असतात, आणि कालव्यात लाकडाचे ओंडके, दोर, सायकलीसुद्धा सापडतात. एका इंजिनाचा पंखा मध्यावर, कीलच्या, म्हणजे बुडाच्या कण्याच्या, मागे झाकलेला असतो. दुसरं कारण वेगाचं. छोट्या कालव्यांत बऱ्याच ठिकाणी ताशी ६ किलोमीटरची मर्यादा असते, म्हणजे तीन नॉटच्या जरा वर. आठवडेच्या आठवडे दोन मोठी डिझेल इंजिनं जवळजवळ रिकामी फिरत राहिली की ती नीट तापत नाहीत, सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होतात आणि तेल खायला लागतात. एकच मध्यम ताकदीचं इंजिन कालव्यात निदान काही काम तरी करतं. आम्ही एक इंजिन आणि पुढे बो थ्रस्टर, म्हणजे बोटीचं नाक बाजूला ढकलणारा छोटा पंखा, अशी बोट घेतोय. समुद्रातल्या भीतीवर उपाय म्हणून डिझेलला दोन गाळण्या जोडीनं बसवणार आहोत, एक तुंबली की चालू इंजिनात दुसरीवर वळवता येईल अशा. हलत्या टाकीतला गाळ वर येऊन इंधन तुंबणं हे समुद्रात इंजिन बंद पडण्याचं नेहमीचं कारण.

पल्ल्याचे आकडे आमच्या स्वतःच्या चाचणीतले आहेत. पाण्यातली लांबी १०.८ मीटर, म्हणजे ३५.४ फूट. तिचं वर्गमूळ गुणिले १.३४ केलं की आठ नॉटच्या आसपास येतं, आणि अशा जड बुडाच्या बोटीची वेगाची भिंत तिथेच. ६.१ नॉटला तासाला ५ लिटर डिझेल लागलं. ७.६ नॉटला साडेबारा. तिसरा हिस्सा राखीव धरून ६०० लिटरवर सावकाश चाललं तर ७३० सागरी मैल, घाईनं चाललं तर ३६५. दीड नॉटसाठी निम्मा पल्ला जातो.

बुडाच्या तपासणीला बोट पाण्याबाहेर काढली तेव्हा मी दिवसभर तिथे होते. पोलादाची बोट बाहेरून कमी आणि आतून जास्त गंजते, हे ऐकून होते, त्या दिवशी बघितलं. सर्व्हेअर एक-एक ठिपका खरवडून चकचकीत करायचे, त्यावर थेंबभर जेल लावायचे आणि प्रोब टेकवून पत्र्याच्या जाडीचा आकडा सांगायचे. मी खडूनं तो पत्र्यावरच लिहायचे. ५.८, ५.९, ५.७. मूळ पत्रा ६ मिलिमीटरचा. शॉवरच्या खालच्या कोपऱ्यात आले तेव्हा ४.६. त्यांनी आजूबाजूला आणखी बारा ठिपके घेतले. खराब भाग तळहाताएवढाच निघाला. आतून उघडलं तर पाणी साठून राहणारा खळगा, आणि त्यात ओला गंज. तिथे नवा तुकडा कापून बसवायचा ठरलं, वरून पत्रा चिकटवून नाही. विकणाऱ्यानं ते मान्य केलं आहे.

अॅनोडचा, म्हणजे बुड गंजू नये म्हणून स्वतः झिजणाऱ्या धातूच्या तुकड्यांचा, प्रश्न गोड्या-खाऱ्या पाण्यात फिरणाऱ्यांनाच पडतो. खाऱ्या पाण्यात जस्त चालतं, पण गोड्या पाण्यात त्यावर थर धरतो आणि ते झोपी जातं. मॅग्नेशियम गोड्या पाण्यात उत्तम, समुद्रात भराभर संपतं. अॅल्युमिनियमचे अॅनोड दोन्हीकडे काम करतात, म्हणून तेच लावतोय. जुने जस्ताचे मात्र सगळे काढायचे, एकाच बुडावर भेसळ नको.

आता राहिलं ते डोलकाठीचं काम. ती आडवी पडेल अशी बिजागरी बसवली की हिची उंची ३.१२ मीटर होते, आमच्या फळी-ओळंब्यानं मोजलेली, टाक्या अर्ध्या असताना. व्हीएचएफ रेडिओची अँटेना आणि वरचा दिवा काठीबरोबरच खाली येईल. रेडिओत एटीआयएसही, म्हणजे बोलणं संपलं की बोटीची ओळख आपोआप पाठवणारी सोय, बसवून घ्यायचं आहे. आतल्या जलमार्गांवर ते लागतं आणि समुद्रात बंद ठेवावं लागतं, त्यामुळे बटण हाताशी हवं. पत्र्याचं वेल्डिंग मंगळवारी आहे. दादानं पुठ्ठ्याची ती बोट अजून जपून ठेवली आहे, नव्या बिजागरीची उंची तिच्यावर पेन्सिलनं आखून.