तुम्ही विचारलंत म्हणून : पाण्याखाली डुलणारा ल्युअर कसा निवडायचा

सोलापूरची पोरं आता डॅलसला, ऑस्टिनला, अटलांटाला आहेत. डिसेंबरात घरी आली की हुरडा होतो, शेंगाचटणी आणि कडक भाकरीचे डबे बांधून होतात, आणि मग त्यातला एखादा माझ्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात येऊन बसतो. प्रश्न ठरलेला असतो, बासबद्दल, म्हणजे तिकडच्या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाबद्दल, आणि ल्युअरबद्दल, म्हणजे गळ लावलेल्या खोट्या माशाबद्दल. "काका, दोन-अडीच पौंडाचे बास रोज लागतात, मोठा लागत नाही. पाण्याखाली चालणारा ल्युअर घ्यायचा म्हणतोय. कोणता घेऊ?" परत गेले की फोनवरही तेच. मी भावाकडे टेक्सासला तीन हिवाळे राहून आलोय आणि त्यातले जमतील तेवढे दिवस तिथल्या लेक फोर्क तलावावर काढलेत, हे त्यांना माहीत असतं. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नाही त्यांना आधी थोडं सांगतो. पाण्यावर चालणारा ल्युअर जुना आहे, हेडन कंपनीचा झारा स्पूक बहुतेक हौशी लोकांनी ऐकलेला असतो. तंगूस, म्हणजे गळाची दोरी, थोडा सैल ठेवायचा आणि काठीच्या टोकाने लहान लहान झटके द्यायचे, की तो नाक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवत येतो. तिकडे ह्याला कुत्रा फिरवणं म्हणतात. हीच चाल पाण्याच्या हात-दोन हात खाली करणारे ल्युअर म्हणजे आपला विषय. काही अखंड असतात, रापालाचा सबवॉक तसा आहे. काहींच्या अंगात मधोमध एक सांधा असतो, त्यांना ग्लाइड बेट म्हणतात, आणि ते नागमोडी सरकत येतात.

मला ती चाल पहिल्यांदा दिसली तेव्हा मागावर आडवा धागा नेणारा धोटा आठवला. आमच्या घरी वडिलांचे दोन माग होते. धोटा ह्या पेटीतून त्या पेटीत जातो, क्षणभर थांबतो, परत येतो. लहानपणी मी तासन् तास ते बघत बसायचो. धावताना तो डोळ्यांना नीट दिसायचाच नाही, दिसायचा तो पेटीत थांबला की. पुढे जे सांगणार आहे त्याचं मूळ तिथेच आहे.

पाण्याखालचाच का, पाण्यावरचा का नको? पाणी कोमट असेल, वारा पडलेला असेल, पहाट किंवा संध्याकाळ असेल तर पाण्यावरचाच बांधा, त्यासारखी मजा नाही. पण ऊन वर आलं, लाटा उठल्या किंवा पाणी गार झालं की बास वर येईनासा होतो. मोठा तर नाहीच. त्याचे डोळे वरची बाजू छान बघतात आणि खाणं डोक्याच्या थोडं वरून जात असलं तर तो चार फूट उठेल, पृष्ठभागापर्यंत मात्र जाणार नाही. त्यात हिवाळ्यात शॅड नावाचे चंदेरी मासे गारठतात. थ्रेडफिन शॅडला सात अंशांच्या खालचं पाणी सोसत नाही. मरायला टेकलेला शॅड पळत नाही. तो एका कुशीवर सरकतो, थांबतो, थोडा खाली जातो, परत अंग हलवतो. मोठ्या माशाला एवढं सोपं जेवण दुसरं नाही, आणि ह्या ल्युअरची चाल हुबेहूब तशी आहे.

आता निवडीकडे येतो. दुकानात गेलेला प्रत्येक माणूस विचारतो, हा चालतो कसा? माझं म्हणणं, थांबतो कसा ते विचारा. चालायचं काम तुमच्या हाताचं आहे, आठवडाभर सराव केलात तर कुठलाही बरा ल्युअर चालवता येईल. थांबल्यावर तो काय करतो हे मात्र बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. आणि मोठा मासा ल्युअर थांबल्यावरच तोंड उघडतो.

हे मी कुठे शिकलो तेही सांगतो. फेब्रुवारीतली सकाळ, पाणी साधारण बारा अंश. लेक फोर्कच्या पाण्यात झाडांचे वाळके बुंधे अजून उभे आहेत, धरण भरायच्या आधी माशांसाठी मुद्दाम राखलेले. एका बुंध्याशेजारून मी ग्लाइड बेट आणत होतो. रीलच्या हँडलला अर्धा फेरा, थांबा, अर्धा फेरा. मागून एक सावली निघाली. हिरवट पाठ, ल्युअरच्या वीतभर मागे, त्याच्याच वेगाने. मी घाबरून गुंडाळत राहिलो. मासा बोटीपर्यंत आला, माझ्याकडे बघितल्यासारखं केलं आणि खाली गेला. तासाभराने त्याच बुंध्याशी परत तेच, बहुतेक तोच मासा. ह्या वेळी मी हात आवरला आणि मनात एक, दोन, तीन मोजलं. ल्युअर आडवा राहून सावकाश खाली बसत होता, नाक थोडं मासळीकडे वळलेलं. तिनाला मासा पुढे सरकला, गालफडं फुगली आणि ल्युअर पाण्यातून नाहीसा झाला. झटका असा बसलाच नाही, फक्त तंगूस बाजूला चालू लागला.

मोजला तर तेवीस इंच, सात पौंडांच्या आसपास. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला बास लगेच परत सोडायचा नियम आहे. सोडला. हात थरथरत होते ते दुपारपर्यंत.

आता सोलापूरकराला घरबसल्या करता येईल अशी परीक्षा. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळे घरोघर निळं पिंप असतंच. तीन फूट पाणी भरा. ज्या स्नॅपला, म्हणजे तारेच्या बारीक चापाला, आणि ज्या तंगुसाला ल्युअर बांधणार, तोच हातभर तुकडा बांधून ल्युअर आत सोडा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. माझ्या डब्यातले काही चार सेकंदांत तळाला जातात, काहींना दहा-अकरा लागतात. थंडीतल्या मोठ्या बाससाठी मी दहावाला उचलतो, म्हणजे फुटाला तीन-साडेतीन सेकंद. वेळेइतकंच महत्त्वाचं दुसरं: पडताना अंग आडवं राहतं का? नाक खाली घालून दगडासारखा जाणारा ल्युअर थांबवण्यात अर्थ नाही. एकदा मी खोक्यावर 'हळू बुडणारा' असं छापलेला एक महागडा ल्युअर तपासल्याशिवाय नेला. अडीच सेकंदांत तीन फूट, तेही उभा! तीन दिवस मी स्वतःच्या हाताला दोष देत होतो.

ह्या परीक्षेत एक मेख आहे. मे महिन्यात आपल्या पिंपातलं पाणी अठ्ठावीस-तीस अंश असतं, आणि गरम पाणी गार पाण्यापेक्षा हलकं. इथे जागच्या जागी तरंगत राहणारा ल्युअर तिकडच्या दहा अंशांच्या पाण्यात हळूहळू वर येईल. पंचेचाळीस ग्रॅमच्या ल्युअरला हा फरक जेमतेम दीडशे मिलिग्रॅमचा पडतो, पण थांबलेल्या ल्युअरला तेवढा पुरतो. उपाय माझ्या दुकानातलाच. सोल्डरची बारीक तार पोटाखालच्या गळाच्या दांडीवर दोन-चार वेढे गुंडाळायची आणि पुन्हा पाण्यात सोडून बघायचं. नाक खाली जात असेल तर वेढे मागच्या गळावर घ्या. गळ बदललात, एक नंबर मोठा लावलात, तरी सगळं गणित बदलतं, हे पोरं विसरतात.

तंगूसही ह्याच हिशेबात धरा. फ्लुरोकार्बन पाण्याच्या पावणेदोन पट जड, तो बुडतो आणि नाक खाली ओढतो. साधा नायलॉन पाण्यापेक्षा किंचितच जड. विणलेला तंगूस, ज्याला तिकडे ब्रेड म्हणतात, तो तरंगतो. उथळ पाण्यात मी नायलॉन घेतो, खोल जायचं असेल तर फ्लुरोकार्बन. आणि गाठ ल्युअरच्या कडीवर आवळून बसवू नका. स्नॅप किंवा स्प्लिट रिंग (किल्ल्यांच्या कडीसारखी बारीक कडी) हवीच, नाहीतर नाक मोकळं फिरत नाही.

चालीची रुंदी जागेवरून ठरवा. निवळ, मोकळ्या पाण्यात हातभर रुंद सरकणारा चांगला, कारण मासा तो लांबून बघतो. झाडाझुडपांत किंवा गढूळ पाण्यात आखूड वळणाचा घ्या, जो एक-दीड फूट पुढे येईपर्यंत चार वेळा तोंड फिरवेल. मासा बुंध्याच्या सावलीत असतो, तुम्ही ल्युअर जितका वेळ त्या सावलीत ठेवाल तितका वेळ तुमचा.

आकाराबद्दल सगळ्यात जास्त वाद होतात. सहा इंचांचा टाकला की मोठाच लागेल, असं नाही. दीड पौंडाचा बासही आपल्या अर्ध्या लांबीच्या ल्युअरवर धावून येतो, मी पाहिलंय. पण मोठा मासा चार पावलांचं श्रम एका घासासाठी करतो, दहा घासांसाठी दहा वेळा धावत नाही. म्हणून त्या तळ्यातला मोठा मासा काय खातो ते आधी शोधा. जिझर्ड शॅड वीतभर वाढतो, कॅलिफोर्नियाच्या काही तळ्यांत तर ट्राउट सोडतात आणि तिथले बास ते खाऊनच फुगतात. तिथे १६८ मिलिमीटरचा एस-वेव्हर नावाचा ग्लाइड बेट सुद्धा मोठा वाटत नाही. पहिल्यांदाच घेत असाल तर बारा-तेरा सेंटिमीटरचा घ्या, तुमच्याकडची काठी तो फेकू शकेल. त्याहून जडाला वेगळी काठी लागते, आणि खर्च ल्युअरपेक्षा तिचाच जास्त होतो. रंगावर मी सगळ्यात कमी वेळ घालवतो. निवळ पाण्याला चंदेरी-राखाडी, गढुळाला काळपट किंवा पोपटी, पुढे चला.

एक गोष्ट मनापासून सांगतो, कारण पोरं पगाराचे पैसे ह्यात घालतात. टेक्सासचा विक्रमी बास, १८.१८ पौंडांचा, लेक फोर्कवरच जानेवारी १९९२ मध्ये बॅरी सेंट क्लेअर यांना लागला. ते क्रॅपी नावाच्या लहान माशासाठी मिन्नो नावाचा चिमुकला जिवंत मासा लावून बसले होते. जपानच्या बिवा सरोवरात २००९ मध्ये मानाबू कुरिता यांनी जॉर्जियातल्या जॉर्ज पेरींच्या १९३२ च्या जागतिक विक्रमाची बरोबरी केली, ती ब्लूगिल नावाचा लहान जिवंत मासा वापरून. तेव्हा एका खोक्यात विक्रम भरून कुणी विकत नाही. पाण्याखालचा डुलणारा ल्युअर तुम्हाला एवढंच देतो, की थंड आणि लख्ख उन्हाच्या दिवशीसुद्धा मोठ्या माशासमोर सोपा घास बराच वेळ ठेवता येतो. मला ते खूप वाटतं.

इकडचे मित्र विचारतात, उजनीत चालेल का? उजनीत बास नाही, आणि कुणी आणून सोडूही नये. चिलापी आणि सकर मासा आल्यावर काय झालं ते आपल्या भोई मंडळींना विचारा. मरळीवर मात्र मी करून बघितलंय. लेक फोर्क आणि उजनी, दोन्ही धरणं १९८० चीच. तिकडे झाडांचे बुंधे, इकडे केत्तूरच्या बाजूला फुगवट्याखाली गेलेल्या बाभळी आणि घरांचे चौथरे. पाणी उतरलं आणि निवळलं की शेवाळाच्या कडेने आखूड वळणाचा ल्युअर बुडायच्या बेतात थांबवला तर मरळ येते. शेवाळाच्या आत तो नेऊ नका, तिहेरी गळ दोन हातांत अडकतील, तिथे रबरी बेडूकच बरा. पिल्लांचा लाल पुंजका दिसला तर गळ टाकू नका, आई-बाप त्याच्या खालीच असतात. आणि मच्छीमार सोसायटीची किंवा ठेकेदाराची परवानगी घेऊनच काठावर बसा.

परवा ऑस्टिनहून एकाचा फोन आला. त्याने बाथटब भरून आपले तीन ल्युअर सोडून बघितले होते. पहिला साडेतीन सेकंद, दुसरा पाच, तिसरा नऊ. पाणी एक फूटभरच होतं म्हणाला. तिसरा एक फुटाला नऊ सेकंद घेतो, आडवाच बसतो, फक्त शेपूट जराशी खाली. शनिवारी पहाटे निघणार आहे, पाणी अकरा अंश दाखवतंय.

म्हटलं, थंड पाण्यात तो अजून हळू बसेल. तरी आडवा बसतो म्हणून तिसराच घे, वेग थोडा वाढावा म्हणून पोटाखाली तारेचे दोन वेढे दे, आणि थांबवलास की मनात पाचपर्यंत मोज.