इंटरव्ह्यूत सांगितलेली नोकरी आणि जॉईन झाल्यावर मिळालेली नोकरी

गेल्या काही दिवसांत ओळखीतल्या दोघा-तिघांकडून तेच ऐकलं, नोकरी लागली, पेढे वाटून झाले, जॉईन झाले आणि आठवड्याभरात कळलं की काम भलतंच आहे. आणि प्रत्येकाला घरून एकच सल्ला, "ॲडजस्ट कर, हातात नोकरी आहे ना." मलाही हाच सल्ला मिळाला होता, प्रेमापोटीच मिळाला होता, पण त्याने माणसाचं किती नुकसान होतं ते मी बघितलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

मी गोव्यातल्या डिचोलीची. केमिस्ट्रीत बीएस्सी झाल्यावर कुंडईच्या एका छोट्या कंपनीच्या लॅबमध्ये लागले. पगार कमी होता पण माणसं चांगली, काम शिकवायची. टायट्रेशन, यूव्ही, पीएच सगळं हाताखालून गेलं. एचपीएलसीचं, म्हणजे औषधात कुठला घटक किती आहे ते मोजायचं, मशीन मात्र एकच होतं आणि ते सिनियर लोकांकडे. आता फार्मात ज्यांचं कोणी काम करतंय त्यांना माहीत असेल, क्यूसीत, म्हणजे लॅबमध्ये माल तपासायच्या कामात, पुढे जायचं तर एचपीएलसी हातात हवंच. कुठल्याही इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न तोच, कुठलं सॉफ्टवेअर वापरलं, सिस्टिम सुटेबिलिटी फेल झाली तर काय करता, पीक स्प्लिट झाला तर आधी काय बघता. स्वतः मशीनवर बसलेला माणूस आणि पुस्तक वाचून आलेला माणूस, समोरच्याला दोन मिनिटांत फरक कळतो.

तर वेर्ण्याच्या एका मोठ्या कंपनीत व्हेकन्सी निघाली. इंटरव्ह्यू घेणाऱ्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं की एचपीएलसी सेक्शनमध्येच माणूस हवाय, मशीनं भरपूर आहेत, वर्षभरात तयार व्हाल. शिफ्ट जनरल, म्हणजे दिवसाचीच. बस डिचोलीहून. पगार महिना तीस हजार. मला आणखी काय हवं होतं? ऑफर लेटर आलं त्यात हुद्दा होता 'एक्झिक्युटिव्ह, क्वालिटी'. मी फोन करून विचारलं की क्यूसी असं का नाही लिहिलं, तर एचआरवाल्या मॅडम म्हणाल्या, सगळ्यांना असंच लेटर जातं, डिपार्टमेंट जॉईन झाल्यावर सिस्टिमला चढतं. कुंडईला राजीनामा दिला.

जॉईनिंगच्या दिवशी काय होतं ते नीट सांगते कारण सगळी गोम तिथेच असते. सकाळी एका खोलीत बसवतात आणि समोर कागदांचा गठ्ठा ठेवतात. पीएफचा फॉर्म 11, नॉमिनेशनचा फॉर्म 2, ग्रॅच्युइटीचा फॉर्म एफ, बँकेची माहिती, गुप्ततेचा करार, आणि या सगळ्याच्या मध्ये एक अर्ध्या पानाचा कागद, की मी रात्रपाळीसह कुठल्याही शिफ्टमध्ये काम करायला राजी आहे. मी तो वाचला आणि विचारलं, "सर, इंटरव्ह्यूत तर जनरल शिफ्ट सांगितली होती ना?" त्यांनी वर न बघताच सांगितलं, "फॉर्मॅलिटी आहे मॅडम, सगळेच करतात." आता तुम्हीच सांगा, जुनी नोकरी सुटलेली, आणणारी बस निघून गेलेली, आजूबाजूला दहा-बारा पोरं सह्या करत बसलेली, त्या टेबलाशी बसून 'नाही करत' म्हणायची ताकद कोणाकडे असते? आश्वासन दिलं जातं तेव्हा आपल्याकडे दुसरी नोकरी असते, ते मोडलं जातं तेव्हा नसते. सगळा खेळ या मधल्या दिवसांचा आहे.

मला टाकलं आयपीक्यूएत. म्हणजे प्रॉडक्शनच्या फ्लोअरवर उभं राहून चालू बॅचवर लक्ष ठेवायचं. बॅच सुरू व्हायच्या आधी लाईन क्लिअरन्स, म्हणजे मागच्या बॅचची एकसुद्धा गोळी, एकसुद्धा लेबल कुठे राहिलं नाही ना ते मशीनच्या खाली वाकून बघायचं. मग ठरलेल्या वेळेला गोळ्या उचलायच्या, वीस गोळ्यांची वजनं, हार्डनेस, जाडी, फ्रायॅबिलिटी म्हणजे गोळी किती झिजते ते, प्रत्येक आकडा तिथल्या तिथे बीएमआरमध्ये, म्हणजे त्या बॅचच्या नोंदवहीत, लिहून वेळेसकट सही. काम हलकं अजिबात नाही. तिथे जो माणूस डोळे उघडे ठेवून उभा असतो त्याच्यामुळे चुकीची गोळी बाजारात जात नाही, आणि ज्याला तेच करायचंय त्याच्यासाठी ते करिअर आहे. पण मला ते करायचं नव्हतं आणि मला ते सांगितलंही नव्हतं. शिफ्ट तिन्ही. रात्रपाळी करून सकाळच्या बसने झुआरी पूल ओलांडताना सगळी पोरं माना टाकून झोपलेली असायची, डिचोलीला उतरताना शेजारची मुलगी हलवून उठवायची, "गो, उठ, पावलें." लॅब तिथेच होती, कॉरिडॉरच्या काचेतून मला ती एचपीएलसीची मशीनं ओळीने दिसायची, आत जायला माझं कार्ड चालत नव्हतं.

पगाराचंही सांगते. तीस म्हणजे सीटीसी तीस, कंपनीचा माझ्यावरचा एकूण खर्च, हातात येणारे पैसे नव्हेत. त्यात कंपनीचा पीएफचा हिस्सा 1,800 आतच धरलेला, ग्रॅच्युइटीचे बेसिकच्या 4.81 टक्के, म्हणजे 15,000 बेसिकवर साधारण 720, तेही आतच. तीन हजार 'परफॉर्मन्स'चे, जे वर्षाच्या शेवटी मिळाले तर मिळाले. वर माझ्या पगारातून माझा पीएफ 1,800. हातात साडेबावीस, त्यातून कँटीन. कायम नोकरीत ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षं पूर्ण झाल्याशिवाय हातात येत नाही, म्हणजे जो माणूस दोन वर्षांत जाणार त्याच्या सीटीसीत तो आकडा दाखवायचा कशाला? म्हणून इंटरव्ह्यूत पगार विचारताना 'बँकेत महिन्याला किती जमा होणार' एवढंच विचारा, आणि सॅलरी ब्रेकअप मागून घ्या. मागितल्यावर देतात.

पण पगारापेक्षा मला जास्त लागलं ते दुसरंच, आणि ॲडजस्ट कर म्हणणाऱ्यांना नेमकं तेच कळत नाही. वर्ष दोन वर्षं तुम्ही जे काम करता ते तुमच्या बायोडेटावर चढतं, तुम्हाला सांगितलं होतं ते नाही चढत. दोन वर्षं आयपीक्यूए केलं की पुढची क्यूसीची कंपनी विचारते, एचपीएलसी किती केलं? आणि उत्तर असतं, काहीच नाही. पगार कमी मिळाला तर पुढच्या नोकरीत भरून निघू शकतो, पण पंचविशीतली वर्षं चुकीच्या कामात गेली तर ती कोण भरून देणार.

हे फक्त फार्मात होतं असं नाही. पेडण्याच्या मित्राला कळंगुटच्या बाजूला एका हॉटेलात फ्रंट ऑफिस म्हणून घेतलं, सीझनमध्ये डेस्कवर बसवलंसुद्धा, आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर सांगितलं की आता ऑक्टोबरपर्यंत बिनपगारी सुट्टी, हवं तर हाऊसकीपिंगला ये. नोकरी बारमाही म्हणून सांगितली होती. दुसऱ्या एका ओळखीच्या मुलीला 'गेस्ट रिलेशन' म्हणून घेतलं आणि काम काय तर रस्त्यावर उभं राहून टुरिस्टांना स्क्रॅच कार्ड द्यायचं आणि मेंबरशिपच्या प्रेझेंटेशनला ओढून आणायचं, टार्गेटवर पगार. ती हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली मुलगी, चौथ्या दिवशी घरी येऊन रडली.

माझा मामा बोटीवर असतो, कॅटरिंगमध्ये. त्याला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आम्ही चढायच्या आधी ॲग्रीमेंट सही होतं बाय, काम कुठलं, पगार किती, तास किती, सुट्टी किती, आणि एक कॉपी आपल्या बॅगेत." ते खरंच आहे, खलाशांसाठी 2006 चं आंतरराष्ट्रीय कन्व्हेन्शन आहे, भारताने 2015 मध्ये ते मान्य केलं, आणि त्यात हे करार सही करून खलाशाकडे असायलाच हवेत असं आहे. म्हणजे समुद्रावर जाणाऱ्या माणसाला जे मिळतं ते वेर्ण्याला जाणाऱ्याला मिळू नये असं काही नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार लेबर कोड लागू झालेत, त्यात प्रत्येक कामगाराला अपॉइंटमेंट लेटर देणं बंधनकारक आहे आणि बाईला रात्रपाळी द्यायची तर तिची संमती लागते. पण संमतीचा कागद त्याच गठ्ठ्यात घालून सही घेतली तर त्या कायद्याचा जीव जातो, हे कोणीतरी मोठ्याने बोलायला हवं.

मी काय केलं ते सांगते. पहिल्याच आठवड्यात मेल लिहिला, माझ्या डिपार्टमेंटच्या हेडला आणि एचआरला, दोघांना एकत्र. भांडणाचा सूर ठेवला नाही. अमुक तारखेच्या इंटरव्ह्यूत एचपीएलसी सेक्शन आणि जनरल शिफ्ट असं बोलणं झालं होतं, सध्या मी आयपीक्यूएत तिन्ही शिफ्टला आहे, तर ठरल्याप्रमाणे क्यूसीत कधी घेणार ते कळवावं, बस. शेजारची मैत्रीण म्हणाली, प्रोबेशनमध्ये कशाला वाईट होतेस, कन्फर्म झाल्यावर विचार. मला ते पटलं नाही आणि आजही पटत नाही. कन्फर्म होईपर्यंत गप्प बसलं की समोरचा म्हणतो, सहा महिने केलंत ना, तेव्हा काही त्रास नव्हता. आणि आमच्याकडे प्रोबेशनमध्ये नोटीस पंधरा दिवसांची होती, कन्फर्म झाल्यावर दोन महिन्यांची. सुटायचं असेल तर सुटायची सोपी वेळ तीच.

उत्तर आलं की व्हेकन्सी झाली की विचार करू. मी तारीख मागितली. मग मीटिंग झाली, गोड बोलले, चहा दिला, तारीख दिली नाही. त्यानंतर मी नवीन नोकरी शोधायला लागले आणि कन्फर्मेशनच्या आधी बाहेर पडले. आता एका टेस्टिंग लॅबमध्ये आहे, पगार तिथल्यापेक्षा थोडा कमी, मशीन रोज हातात. घरी सुरुवातीला बाबा नाराज होते, मोठी कंपनी सोडली म्हणून, चार लोकांना काय सांगायचं म्हणून. आता विचारतात, आज कुठली औषधं तपासलीस.

कायद्याकडे जावं का असं बरेच जण विचारतात. पणजीला पाटोवर श्रमशक्ती भवनात लेबर कमिशनरचं ऑफिस आहे. पगार अडवला, काढून टाकलं, सोडताना हिशेब दिला नाही, अशा बाबतीत तिथे जरूर जा, नव्या कोडप्रमाणे नोकरी सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत पगाराचा हिशेब द्यायचा असतो. आणि हुद्द्यात 'एक्झिक्युटिव्ह' लिहिलंय म्हणून आपण कामगार नाही असं धरून घरी बसू नका, कोर्ट लेटरवरचं नाव बघत नाही, प्रत्यक्षात काम काय करता ते बघतं. पण 'सांगितलं एक आणि दिलं दुसरं' एवढ्यावर तोंडी बोलणं सिद्ध करायला जीव जातो. कॉन्ट्रॅक्ट ॲक्टमध्ये, तो 1872 चा आहे, चुकीची माहिती देऊन करार केला असेल तर फसलेल्या माणसाला तो रद्द करता येतो असं आहे, पण त्यासाठी दाखवायला काहीतरी हवं, आणि ते काहीतरी म्हणजे मेल. बॉन्डचंही तसंच, म्हणजे ठरल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचा करार, 'बॉन्ड चालतच नाही' असं कोणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नका, 2025 च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेचा दोन लाखांचा बॉन्ड योग्य ठरवलाय. वाचून सही करा.

माझ्या मावसबहिणीला आत्ता एक ऑफर आलीय, तीही क्वालिटीतच, लेटरवर तोच मोघम हुद्दा. तिने अजून जुन्या ठिकाणी राजीनामा दिलेला नाही, आणि मी तिला तो देऊ दिला नाही. आधी आम्ही दोघींनी बसून एक मेल लिहिला, की आपल्या बोलण्याप्रमाणे मी क्यूसीच्या एचपीएलसी सेक्शनला, जनरल शिफ्टला, अमुक इतक्या हातातल्या पगारावर जॉईन होतेय, हे बरोबर असेल तर कृपया कन्फर्म करा, म्हणजे मी सध्याच्या कंपनीत कागद टाकते. मावशी म्हणते, इतकं विचारलं तर ते दुसरीला घेतील. घेऊ देत. एवढ्या एका ओळीला 'हो' म्हणायला जी कंपनी तयार नाही ती जॉईन झाल्यावर काय देणार आहे हे मला माहितेय. मेल सोमवारी गेलाय, उत्तर अजून आलेलं नाही, आणि तिचा राजीनामा अजून तिच्या लॅपटॉपमध्येच आहे.