फुटबॉल लिली : मेअखेरची नोंद

वळवाची पहिली सर पडली आणि पाठोपाठ दोन कुंड्यांत लालसर टोकं वर आली. पान एकही नाही. सगळी गच्ची माना टाकून बसलेली असताना ही थेट फूल घेऊनच येते, म्हणून माझा हिच्यावर एवढा जीव.

दांडा बोटाएवढा जाड, रसरशीत, बुडाशी जांभळट ठिपके. टोकाला कळ्यांचा गच्च गठ्ठा. भोवतीची तपकिरी आवरणं सुटून खाली वळली की गोळा फुगायला लागतो. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो सगळा झुबका. चांगल्या पोसलेल्या कंदाला त्यात शे-दोनशे फुलंही येतात. प्रत्येकाला सहा बारीक पाकळ्या आणि बाहेर आलेले सहा पुंकेसर, त्यांच्या टोकाला पिवळे परागकोश. गोळ्याला भरीवपणा येतो तो या पुंकेसरांमुळे. सुरुवातीचा लालभडक रंग हळूहळू गुलाबीकडे उतरतो आणि आठवडाभरात सगळं आटोपतं.

मूळची ही सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतली. जुन्या पुस्तकांत हिमँथस मल्टिफ्लोरस म्हणून सापडेल. आता स्कॅडॉक्सस मल्टिफ्लोरस. कोरडा ऋतू सरून पाऊस लागायच्या सुमाराला फुलायची तिची रीत आपल्या मे-जूनशी छान जुळते. आपल्या डोंगरउतारांवरचा रानकांदाही असाच: उन्हाळ्यात बोडक्या दांड्यावर फुलं, पानं पुढे पावसाळ्यात.

आता मुद्द्याचं. फूल मेमध्ये दिसलं तरी कमाई आदल्या पावसाळ्याची असते. पानं जे अन्न तयार करतात ते कंदात साठतं आणि त्या साठ्यावरच दांडा उठतो. गेल्या पावसाळ्यात सकाळचं ऊन लागणाऱ्या कुंड्यांना शेणखत आणि कंपोस्ट दिलं होतं. दोन्ही यंदा फुलल्या. तिसरी जिन्यालगत सावलीत होती. खत तेवढंच दिलं, पण तिच्यात आत्ता फक्त पानाची सुरळी दिसतेय. माझ्या मते उन्हाला पर्याय नाही, मात्र दुपारचं कडक ऊन नको, पानं करपतात.

पानं पिवळी पडू लागली की पाणी कमी करत थांबवायचं. हिरवं पान कापायचं नाही, आपोआप वाळू द्यायचं. हिवाळाभर कुंडी कोरडी आणि आडोशाला. कंदाची मान मातीच्या पातळीला ठेवली की तिथे पाणी साचून कुजत नाही. दरवर्षी माती बदलायचा मोह टाळा. मुळं दुखावली की ही रुसते. पिल्लं वेगळी करायचीच असतील तर झोपेच्या काळात, हातमोजे घालून. कंद विषारी आहे, मुलं आणि मांजरं असलेल्या घरांनी विशेष जपा.

यंदा सावलीतली कुंडी पूर्वेच्या कठड्याशी हलवली आहे. पावसाळ्यात लिलीवर येणारी काळी, ठिपक्यांची अळी पानाच्या खालच्या बाजूला आधी दिसते, तेव्हा रोज पानं उलटून बघणार. शिवाय एका गोळ्याचे पराग मऊ ब्रशने दुसऱ्यावर फिरवलेत. फळं धरून लाल झाली तर गर धुऊन बी ताजंच पेरेन. कोणाकडे बियांपासून वाढवलेली रोपं असतील, तर पहिलं फूल यायला किती पावसाळे लागले ते नक्की सांगा.