आत्याच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट

विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ नंतर थांबले. त्याच सुमारास मिरजेहून आत्याचा फोन आला. "अगं, स्क्रीनवर सारखा इशारा येतोय. नवा लॅपटॉप घ्यावा लागेल का?" तिचा लॅपटॉप २०१५ चा. त्यातला प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही, त्याला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिपही नाही. बाकी कीबोर्ड, स्क्रीन सगळं धडधाकट. निवृत्त शिक्षिकेने केवळ एवढ्यासाठी तीस-चाळीस हजार घालवावेत, हे मला पटेना. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं ठरवलं, आणि दिवाळीच्या सुट्टीत पेनड्राइव्ह घेऊन मिरज गाठलं.

रॅम ४ जीबी, म्हणून लिनक्स मिंटची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती निवडली. डाउनलोड केलेल्या फाइलचा चेकसम, म्हणजे फाइल पूर्ण आणि जशीच्या तशी उतरली का हे सांगणारा आकडा, घरीच जुळवून पाहिला होता. पूर्वी एकदा अर्धवट उतरलेल्या फाइलपायी माझा अख्खा रविवार गेला होता.

पेनड्राइव्हवरून मिंट सुरू केलं, पण 'इन्स्टॉल'ला हात लावला नाही. पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या या लाइव्ह सेशनमध्ये डिस्कवरचं काहीही न पुसता सगळं वापरून बघता येतं. आवाज आला, टचपॅड चालला, वायफाय मात्र दिसेना. आत्याचा मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग सुरू केलं आणि मोबाइलचं इंटरनेट लॅपटॉपला मिळालं. पुढे इन्स्टॉल झाल्यावर मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरने वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, सुचवला, तोही याच केबलवरून उतरवला.

लाइव्ह सेशनमध्येच मी तिच्या जुन्या फाइली उघडल्या, आणि ते फार बरं झालं. शाळेच्या आठवणींचं बारा वर्षांचं लिखाण, आणि पडद्यावर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं! आत्याचा चेहरा उतरला. ते लिखाण युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी मराठीच दिसेल अशा आजच्या पद्धतीच्या, आधीच्या एका डीटीपी (छपाईच्या कामाच्या) फॉन्टमध्ये होतं. अशा फॉन्टमध्ये मराठी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. फॉन्ट नसेल तर खालचं इंग्रजी उघडं पडतं. विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून ती फाइल बॅकअपच्या डिस्कवर घेतली. डिस्क आधी पुसली असती, तर तो फॉन्ट शोधत फिरावं लागलं असतं. मराठी घरातला जुना संगणक बदलताना फोटोंइतकीच या फॉन्टची काळजी घ्या, असं मी आता ज्याला त्याला सांगते.

इन्स्टॉलेशन अर्ध्या तासात झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. फॉन्टची फाइल होममधल्या लपवलेल्या फॉन्ट फोल्डरमध्ये टाकली, लिब्रेऑफिस हे मिंटमधलं वर्डसारखं सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं, आणि पहिल्या ओळीत तिच्या शाळेचं नाव झळकलं. आत्याने ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली.

चूक झाली ती त्या संध्याकाळी. माउस माझ्याच हातात होता. मी भराभर सेटिंग बदलत गेले, टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, दोन आज्ञा दिल्या, आणि ती बघत राहिली. सकाळी तिला वर्ड सापडेना, पेनड्राइव्ह कसा काढायचा तेही आठवेना. मग मी खुर्ची मागे घेतली. "आत्या, आता सगळं तूच कर. मी फक्त बोलते." टर्मिनलमध्ये पासवर्ड टाकताना नुसते तारे उमटू लागले, तेव्हा कीबोर्ड बिघडला असं तिला वाटलं. अक्षरांच्या जागी तारे दिसतात, पण अक्षरं पोचतात, हे मी आदल्या दिवशी सांगितलंच नव्हतं.

खरा वेळ गेला तो मराठी टायपिंगवर. इनस्क्रिप्ट ही मराठी टायपिंगची कीबोर्ड-मांडणी ती शाळेतल्या प्रशिक्षणात शिकली होती. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडलं, भाषा बदलायला ऑल्ट-शिफ्ट ठेवलं. 'ळ' शिफ्ट-एनवर तिला लगेच आठवला. 'दुसऱ्या'मधला 'ऱ्य' मात्र अडला. शिफ्ट-जे, मग डी, मग तिरकी रेघ. ते तिने वहीत लिहून घेतलं आणि 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'पायऱ्या' असे शब्द पानभर टाइप केले. जेवायला हाका मारल्या तरी उठेना.

निघण्यापूर्वी मिंटमधल्या टाइमशिफ्टने सिस्टिमचा एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घेऊन ठेवला, म्हणजे एखादा अपडेट बिघडला तरी सिस्टिम मागे नेता येईल. तिच्या लिखाणाचा बॅकअप त्यात येत नाही, तो वेगळ्या डिस्कवर घ्यायचा, हेही तिच्या वहीत तिच्याच अक्षरात आहे.

परवा फोन आला. "खालच्या पट्टीतल्या अपडेटच्या ढालीवर ठिपका आला होता. अपडेट मीच केले. आता सांग, जुन्या फॉन्टमधलं लिखाण युनिकोडमध्ये कसं आणायचं?" या रविवारी पहिलं प्रकरण घेऊन बसणार आहोत.