पत्राआधी पोहोचलेला पक्षी

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावातून कुठल्याही दिशेने निघाले तरी समुद्र गाठायला एक रात्र रेल्वेत काढावी लागते. तरीही सध्या मी ज्याचे काम पुन्हा पुन्हा वाचतो आहे, त्या पक्षी-अभ्यासक रोनाल्ड लॉकली यांची उमेदीची वर्षे वेल्सच्या किनाऱ्यालगतच्या स्कोकहोम बेटावर गेली. 1927 मध्ये त्यांनी ते बेट भाडेपट्ट्याने घेतले ते सशांच्या धंद्यासाठी. तो बुडाला, आणि मला वाटते, बरेच झाले. कारण 1933 मध्ये त्याच बेटावर ब्रिटनमधले पहिले पक्षी-निरीक्षण केंद्र उभे राहिले.

त्यांचा पक्षी मँक्स शिअरवॉटर, एक समुद्रपक्षी. तो सशांच्या बिळांत एकच अंडे घालतो आणि जमिनीवर उतरतो तो केवळ रात्री, कारण पाय शरीराच्या फार मागे असल्याने त्याला नीट चालता येत नाही आणि दिवसा मोठे कुरव त्याला गाठून मारतात. अंधारात, बिळाच्या तळाशी चाललेला हा संसार पाहायचा कसा? लॉकलींनी घरट्याच्या बरोबर वरची गवताची ढेप कापून तिचे झाकण केले. ते उचलायचे, आत पाहायचे, नोंद करायची आणि पुन्हा बसवायचे. अंडे उबायला सुमारे 51 दिवस आणि पिलू बिळाबाहेर पडायला आणखी सुमारे 70 दिवस लागतात, हे अशा रोजच्या झाकण उचलण्यातून कळले.

माझे काम याच्या पासंगालाही पुरत नाही. वैनगंगेचे पाणी उतरले की पात्रात वाळूची बेटे उघडी पडतात; काठाला डांगराच्या वाड्या लागतात आणि मधल्या बेटांवर नदी सुरय अंडी घालतात. घरटे म्हणजे वाळूतला नुसता खळगा, त्यात दोन किंवा तीन ठिपकेदार अंडी, आणि तीही अशी की पाऊल टाकण्यापूर्वी जागा दोनदा न्याहाळावी लागते. दुपारी वाळूवर तळपाय टेकवत नाही, तेव्हा सुरय पाण्याला पोट घासून येते आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसते. ते पाहत असताना मीही फार वेळ थांबत नाही, कारण माझ्यामुळे ती उठली तर ऊन थेट अंड्यांवर येते. मागच्या वर्षी मी काड्या रोवून अकरा घरटी मोजली होती. एका रात्री वरून पाणी आले आणि सकाळी काड्याही उरल्या नाहीत.

मला डोंग्यातून नेणारे ढिवर काका तेव्हा म्हणाले, "सर, मोजून का होते जी?" उत्तर म्हणून मी त्यांना प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावरच्या लेसन अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याच्या एका मादीची गोष्ट सांगितली. पक्षी-अभ्यासक चँडलर रॉबिन्स यांनी 1956 मध्ये तिच्या पायात ओळखीची कडी घातली, 2002 मध्ये तीच मादी पुन्हा त्यांच्याच हाती लागली. 2017 मध्ये रॉबिन्स वारले, आणि ती मात्र 2024 मध्येही अंडे घालत होती. काकांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

मग बोस्टनची गोष्ट काढली. 1952 मध्ये स्कोकहोमचा एक शिअरवॉटर विमानाने अमेरिकेला नेऊन बोस्टनला सोडण्यात आला. सुमारे पाच हजार किलोमीटरचा अटलांटिक ओलांडून साडेबारा दिवसांत तो आपल्या बिळात परतला, आणि त्याला सोडल्याचे कळवणारे पत्र त्याच्यानंतर बेटावर पोहोचले. काकांनी वल्हे थांबवले. मला वाटले, आता ते वाट कशी सापडली हे विचारतील.

"साडेबारा दिवस," ते म्हणाले, "मंग अंड्यावर कोन बसला होता जी?"

लॉकलींच्या वहीत शोभावा असा हा प्रश्न होता. या जातीत नर-मादी आळीपाळीने बसतात, एकेक पाळी कित्येक दिवसांची असते, एवढे मी सांगितले. काकांनी पुन्हा वल्हे मारले आणि डोंगा बेटाच्या जरा लांबूनच वळवला.