‘स्वामी’ हाती घेऊन बेळगाव ते कोवाड, पायी

बेळगाव ते कोवाड हे अंतर साधारण 25 किलोमीटर. बसने तासाभराचा रस्ता. आमच्या वाचनमंडळाने तो संक्रांतीनंतर, उचगावला मुक्काम करून, चालत केला आणि वाटेवर थांबत थांबत रणजित देसाईंची ‘स्वामी’ मोठ्याने वाचली. पुन्हा कुणाला असं करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

‘स्वामी’च का, तर देसाई कोवाडचे. 8 एप्रिल 1928 ला तिथे जन्मले. कोवाड महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात. पण तिथल्या माणसांचा बाजार, दवाखाना, कॉलेज सगळं बेळगावला. 1962 ला ही कादंबरी आली, 1964 ला तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आमच्या भागात ती घरोघरी आहे. माझ्याकडची प्रत आईची, खाकी कव्हर घातलेली.

दुसरं कारण जास्त जवळचं. गेल्या काही वर्षांत मंडळातल्या बऱ्याच जणांच्या घरची माणसं गेली. त्यावर बोलायचं होतं, पण समोरासमोर बसून बोलवत नव्हतं. चालताना ते जमतं. माणूस शेजारी असतो, पण त्याच्या डोळ्यात बघावं लागत नाही.

कादंबरीचा शेवट मराठी वाचकाला पहिलं पान उघडायच्या आधीच माहीत असतो. पानिपतानंतर, वयाच्या सोळाव्या वर्षी माधवरावांना पेशवेपद, मग अकरा वर्षांची धावपळ, क्षय, आणि 18 नोव्हेंबर 1772 ला थेऊरला मृत्यू. वय सत्तावीस. म्हणून आम्ही आधीच ठरवलं होतं की पहिला दिवस फक्त आनंदाचा: माधवराव आणि रमाबाई यांचे एकांतातले प्रसंग, त्यांची थट्टा, रुसवे, मोहिमेवरून परतल्यानंतरच्या भेटी. हे प्रसंग एरवी आपण भराभर वाचून पुढे जातो, कारण राजकारण काय झालं ते हवं असतं. मोठ्याने वाचताना तसं पुढे पळता येत नाही. एकदा ते नीट कानावर पडले की थेऊरची पानं वेगळीच जड होतात. माझ्या मते या चालण्यातलं खरं काम पहिल्या दिवशीच होतं. वेळ कमी असेल तर दुसऱ्या दिवसातलं कापा, पहिल्यातलं नको.

सकाळी साडेसहाला निघालो. वेंगुर्ला रोडने हिंडलगा, सुळगे, मग उचगाव फाटा. या रस्त्याला ट्रक-टिप्परची वर्दळ फार, त्यामुळे फाट्यापर्यंतचा टप्पा नऊच्या आत उरका. एका ओळीत, उजव्या कडेने चाला. इथे वाचन शक्यच नाही, प्रयत्नही करू नका.

हिंडलग्याला मात्र थांबलो. 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांचं स्मारक तिथे आहे. कुणी भाषण केलं नाही, पुस्तकही उघडलं नाही. आमच्यातल्या एका काकांना त्या जूनमधला कर्फ्यू आठवत होता, ते थोडंसं बोलले. गावाचं दुःख आणि घरातलं दुःख या भागात वेगळं काढता येत नाही, हे त्यांच्या बोलण्यातून जितकं कळलं तितकं कुठल्या चर्चेतून कळलं नसतं.

उचगावला मळेकरणीच्या आमराईत दुपारचं मोठं वाचन झालं. सावली दाट, बसायला जागा भरपूर. मंगळवार-शुक्रवार टाळा, देवीला येणाऱ्यांची गर्दी असते आणि वाचलेलं ऐकू येत नाही. उचगाव, येळ्ळूर, कडोली, कुद्रेमनी या गावांत हिवाळ्यात ग्रामीण मराठी साहित्य संमेलनं भरतात. त्या रविवारांशी तारीख जुळवता आली तर जरूर जुळवा. ग्रंथदिंडीत डोक्यावर पुस्तकं घेतलेल्या बायका बघितल्या की आपण कुठल्या मुलखात वाचतो आहोत ते लक्षात येतं.

मुक्काम मंडळातल्या एकीच्या माहेरी होता. भाकरी, बेळगावी मसुराची आमटी, वर लोणी. गावात राहायचं असेल तर आधी कुणाची तरी ओळख काढा. ओळख नसेल तर बेळगावलाच राहा आणि सकाळच्या बसने उचगावला या.

दुसऱ्या दिवशी बसुर्त्याच्या बाजूला वळलो. इथून रस्ता शांत. भाताची कापणी होऊन गेलेली, त्याच वावरात मसूर आणि हरभरा. बांधावर बसून आजारपणाचा भाग वाचायला घेतला. कर्नाटकाच्या स्वाऱ्या, हैदर, आणि 1770 ला तब्येतीमुळे मोहीम दुसऱ्यांवर सोपवून माधवरावांचं माघारी फिरणं. धारवाड, सावनूर ही नावं पुण्यात बसून वाचताना लांबची वाटतात. इथे धारवाडची बस रोज डोळ्यासमोरून जाते.

शेजारच्या वावरातली एक आजी विळा बाजूला ठेवून ऐकायला बसली. “कुठं चाललासा?” एवढंच आधी विचारलं. मग बराच वेळ गप्प. एक प्रसंग संपल्यावर म्हणाली, “खोकला कधीपासनं हाय त्येला?” आम्ही सांगितलं. “मूलबाळ?” नाही म्हटलं. “मग तिचं कोण बघतंय?” वाचणाऱ्या मुलीला पुढचं वाक्य वाचता येईना. तिने पुस्तक शेजारी दिलं, दुसऱ्याने तिथूनच पुढे वाचलं. आजीने उठताना हरभऱ्याचे डहाळे आमच्यापुढे ठेवले.

तिचा तो प्रश्न पुढे कोवाडपर्यंत आमच्याबरोबर होता. रमाबाई सती गेल्या, हा इतिहास आहे. पण तो शेवट प्रेमाची परिसीमा म्हणून वाचायचा का, यावर आमच्यात जोरदार वाद झाला. खानापूरच्या एक मावशी, स्वतः पाच वर्षांमागे नवरा गेलेल्या, ठामपणे म्हणाल्या, “मला ते सुंदर वाटत नाही. मागं राहणं जास्त कठीण आहे.” मला त्यांचं पटतं. त्यांनीच कवयित्री इंदिरा संतांचं नाव काढलं. पती ना. मा. संत 1946 ला गेले, पदरी लहान मुलं. इंदिराबाई याच बेळगावात शिकवत राहिल्या, लिहीत राहिल्या, 1984 ला ‘गर्भरेशीम’साठी साहित्य अकादमी मिळालं. ‘स्वामी’बरोबर त्यांचा एखादा संग्रह पिशवीत ठेवा. कादंबरीच्या शेवटच्या पानानंतर लगेच त्यातलं काही वाचलंत तर ते पान मिटताना मन तिथेच अडकून राहत नाही.

कोवाडला ताम्रपर्णीच्या काठी उरलेलं वाचलं. नदी जानेवारीत अगदी शांत असते; हीच 2019 च्या ऑगस्टमध्ये बाजारपेठेत शिरली होती.

आता काही व्यवहाराचं. डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हाच हंगाम. जूनपासून इथला पाऊस तुम्हाला चालू देणार नाही. प्रत्येकाच्या प्रतीची आवृत्ती वेगळी, पान क्रमांक जुळत नाहीत, म्हणून प्रसंगांच्या नावांनी यादी करा. एका थांब्याला वीस मिनिटांपेक्षा जास्त वाचू नका. दहा-बारा जणांपेक्षा मोठा गट नको, मागच्याला ऐकू येत नाही. देवळात किंवा कुणाच्या वावरात बसण्याआधी विचारा. नाही कुणी म्हणत नाही, पण विचारलेलं आवडतं. सोबत कुणाचं दुःख ताजं असेल तर त्याला वाचायला लावू नका. ऐकू द्या, आणि नको वाटलं तर पुढे चालू द्या. आमच्यातले एक जण दोन्ही दिवस एक शब्द बोलले नाहीत, आणि पुढच्या वेळी मलाही सांगा म्हणाले.

कोवाडहून बेळगावला दोन्ही राज्यांच्या बस मिळतात, पण संध्याकाळची शेवटची गाडी स्टँडवर विचारूनच ठेवा. 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या (हा भाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा दिवस) आसपास किंवा सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की सीमेपलीकडच्या बस अचानक बंद होतात. तेव्हा जीप ठरवून ठेवणं बरं. थेऊरला, रमाबाईंच्या समाधीपाशी जायची इच्छा पुष्कळांना होते. जरूर जा, पुण्यापासून जवळ आहे. पण याच फेरीला ते जोडू नका, मधे महिनाभर जाऊ द्या.