गोलपोस्टच्या मागून गोवा: बाबांच्या वाटेनं

बहुतेक कोल्हापूरकर गोव्याला समुद्रासाठी जातात. आमचे बाबा फुटबॉलसाठी जायचे. समुद्र आणि मंगेशी ही आम्हाला सोबत न्यायची सबब. सहलीच्या तारखा मडगावातल्या फातोर्डा स्टेडियमच्या सामन्यांवरून ठरतात हे आम्हा भावंडांना फार उशिरा कळलं. आईला पहिल्यापासून ठाऊक होतं. बाबांचं वर्षश्राद्ध झालं आणि तीच म्हणाली, "यंदा मॅच कधी हाय, बघ रं."

रस्ता त्यांचाच धरला: आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा. आंबोली घाट उजेडात उतरा, धुक्याचा नेम नसतो. हद्दीवर पत्रादेवीला बाबा सगळ्यांना गाडीतून खाली उतरवायचे. 15 ऑगस्ट 1955 ला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी इथं गोळ्या झाडल्या, त्यांचं स्मारक आहे. "काचेतून हात जोडून भागत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बहुतेक गाड्या न थांबता पुढं जातात. तुम्ही दहा मिनिटं थांबा.

सामना बघायचा तर मुक्काम मडगावात करा. पणजी साधारण 35 किलोमीटरवर आहे आणि रात्री परतीच्या शटल बसच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. झुआरीवरचा नवा पूल झाल्यापासून कुठ्ठाळीची ती जुनी रखडपट्टी कमी झालीय. जवळपास एकट्यानं फिरायचं तर 'पायलट' म्हणजे मोटरसायकल टॅक्सी बरी, बसण्याआधी भाडं ठरवा. सकाळी बाजारातल्या साध्या हॉटेलात पातळ भाजी-पाव आणि मिरची भजी खा, तेही वेळेत, कारण भाजी लवकर संपते. बाबांचा अभिप्राय वर्षानुवर्षं एकच: "तिखट न्हाई, पण चालतंय."

बाबा तरुणपणी पेठेच्या संघाचे गोलकीपर. भारताचे एकेकाळचे गोलकीपर, गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर हे त्यांचं दैवत. त्यांना 2022 मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा बाबांनी गल्लीत पेढे वाटले आणि निम्म्या गल्लीला हे कोण ते समजावून सांगावं लागलं. क्रिकेटचा विषय निघाला की मडगावात जन्मलेले दिलीप सरदेसाई आणि 1971 च्या वेस्ट इंडीज दौऱ्यातल्या त्यांच्या 642 धावा ठरलेल्या. फातोर्ड्याचं स्टेडियम 1989 चं, 2017 चे सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने तिथं झाले. बाबा तिकीट नेहमी गोलपोस्टच्या मागचं काढायचे. स्वस्त म्हणून, असं आम्हाला वाटायचं.

यावेळी मीही मागचंच काढलं. मधल्या स्टँडमधून चेंडू दिसतो. इथून गोलकीपर दिसतो. कॉर्नर यायच्या आधी तो बचावपटूंवर कसा ओरडतो, चेंडू पलीकडच्या अर्ध्यात असतानाही दोन पावलं पुढं-मागं कसा सरकत राहतो, ते सगळं. माझ्या पोरीनं विचारलं, "आजोबा एवढा वेळ नुसते उभे राहायचे?" आई म्हणाली, "घरी पण तसंच. आमी सगळी पुढं पळायचो, ह्यांचं लक्ष मागनं."

तिकीट आधी ऑनलाइन काढा आणि वेळापत्रक पाहूनच निघा. मोठ्या बॅगा, पाण्याच्या बाटल्या दारात अडवतात. गाडी हॉटेलवरच ठेवा, सामना सुटल्यावर आसपासचे रस्ते तुंबतात. मुलांना नारिंगी टी-शर्ट घाला, एफसी गोवाचा रंग तो; शेजारचे लगेच बोलायला लागतात.

मंगेशी दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर केलं. खांदे-गुडघे झाकणारे कपडे हवेत. दीपमाळ बघून म्हार्दोळला म्हाळसेचं दर्शन घेता येतं, फार अंतर नाही. समुद्राबद्दल एवढंच: जीवरक्षकांनी लाल बावटा लावला असेल तर पाण्यात उतरू नका.

परतताना फोंडा, साखळी, चोर्ला घाट करून बेळगाव गाठलं. भात कापून झाल्यावर गावोगावच्या मोकळ्या शेतांत फुटबॉल रंगतो, तो चुकवू नका. तिकीट नाही, स्टँड नाही. गाडी रस्त्याच्या कडेला नीट लावा आणि बांधावर उभं राहा. आम्ही असेच थांबलो. घाटात अंधार होईल म्हणून मी घाई करत होतो, पण पेनल्टी मिळाली होती आणि आई गोलपोस्टच्या मागं जाऊन उभी राहिली होती.